पुन्हा डाएट सुरू करण्यापूर्वी: वजनाच्या हेलकाव्यांचे धोके आणि ते टाळण्याची रीत

माझ्या कपाटात मोरपंखी रंगाचा एक ब्लाउज आहे. तो उलटा करून उजेडाकडे धरला, की काखेखालच्या शिवणीलगत टाक्यांच्या बारीक भोकांच्या चार समांतर रेषा दिसतात. घरात लग्न ठरले की मी डाएट करत असे आणि ब्लाउज आत घ्यावा लागे. वर्ष-दीड वर्षाने तोच उसवून सैल करावा लागे. चौथ्या खेपेस शिंपीकाकांनी शिवण बोटांनी चाचपली आणि म्हणाले, "ताई, आता माया उरली नाही." त्याच वर्षी पित्ताशयातील खड्यांसाठी माझी शस्त्रक्रिया झाली. शल्यचिकित्सकांनी विचारलेल्या पहिल्या चार प्रश्नांपैकी एक होता, "गेल्या काही वर्षांत वजन झपाट्याने किती वेळा उतरवलेत?" खाण्यापिण्याविषयी, तेलातुपाविषयी ते विचारतील अशी माझी अपेक्षा होती, उतरवलेल्या वजनाचा हिशेब कुणी मागेल असे वाटले नव्हते.

वजन उतरवणे आणि ते परत चढणे हा प्रकार ज्यांच्या बाबतीत दोनदा किंवा अधिक वेळा घडला आहे, त्यांच्यासाठी हे लेखन आहे. वजन कमी करूच नये, असे येथे सुचवायचे नाही. मधुमेह, रक्तदाब किंवा गुडघेदुखी असलेल्या जाड व्यक्तीचे वजन पाच ते दहा टक्क्यांनी जरी उतरले, तरी साखर आणि रक्तदाब यांवर चांगला परिणाम होतो, हे पक्के आहे. मात्र ते टिकवण्याची तजवीज उतरवायला सुरुवात करण्यापूर्वीच व्हायला हवी. आपल्याकडे नेमके उलटे होते: उतरवण्याचा बेत महिनाभर शिजतो आणि पुढचे सारे देवावर सोडले जाते.

पहिले काम: वजनाचा इतिहास कागदावर काढावा

एक आडवा कागद घ्यावा, खालच्या रेषेवर वय आणि बाजूच्या रेषेवर किलो लिहावेत, आणि वयाच्या अठराव्या वर्षापासूनची आठवतील तेवढी वजने बिंदूंनी मांडावीत. आठवण दगा देते, म्हणून पुरावे शोधावेत. प्रसूतीच्या वेळची फाइल, कार्यालयातील वार्षिक तपासणीचे अहवाल, विम्यासाठी झालेली वैद्यकीय तपासणी, जुन्या औषधचिठ्ठ्यांच्या कोपऱ्यात डॉक्टरांनी लिहिलेला आकडा, यांतून बरेच हाती लागते. जिथे आकडा सापडत नाही, तिथे त्या वर्षीचे कपडे आणि फोटो अंदाज देतात.

बिंदू जोडल्यावर प्रत्येक उताराशेजारी तीन गोष्टी लिहाव्यात: किती किलो, किती आठवड्यांत आणि कोणत्या पद्धतीने. प्रत्येक चढापाशी त्या काळात घरात काय चालले होते ते लिहावे. माझ्या कागदावर चारही चढ घरातील आजारपण, बदली किंवा मुलांच्या परीक्षा यांच्या शेजारी निघाले; एकही चढ 'जीभ चाळवली' म्हणून आलेला नव्हता. हे कळल्यावर स्वतःला लावलेला बोल बराच कमी झाला.

कोणता चढउतार मोजायचा, हेही ठरवून घ्यावे. सकाळ-संध्याकाळचा किंवा आठवड्यातील एक-दोन किलोंचा फरक हा पाणी, मीठ, पोट साफ होणे आणि मासिक पाळी यांचा असतो. त्याला हेलकावा म्हणू नये. अमेरिकेतील परिचारिकांच्या दीर्घकालीन अभ्यासात सुमारे साडेचार ते नऊ किलो उतरून पुन्हा चढणे याला मध्यम आणि नऊ किलो किंवा त्याहून अधिक असेल तर तीव्र हेलकावा मानले गेले होते. घरगुती हिशेबासाठी ही विभागणी पुरेशी आहे. कागदावर असा एखादाच डोंगर दिसत असेल, तर पुढचा मजकूर माहितीसाठी वाचावा. तीन-चार दिसत असतील, तर नवे डाएट सुरू करण्यापूर्वी थांबावे.

शरीर वजन परत का मागते

झटपट डाएटच्या पहिल्या आठवड्यात दोन-तीन किलो उतरतात आणि उत्साह येतो. त्यातील बराच भाग पाण्याचा असतो. यकृतात आणि स्नायूंत साठवलेल्या ग्लायकोजेनच्या (शरीराने राखून ठेवलेल्या साखरेच्या) प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी असते. भात-पोळी बंद केली की तो साठा संपतो आणि पाणीही निघून जाते. पहिल्या पुरणपोळीबरोबर ते परत येते, आणि आपण समजतो की एका पोळीने दोन किलो वाढले.

त्यानंतर चरबी उतरते, परंतु एकटी नाही. तिच्याबरोबर स्नायूही झिजतात. वेग जितका जास्त, खाण्यातील प्रथिने जितकी कमी आणि हालचाल जितकी थोडी, तितका स्नायूंचा वाटा मोठा. परत चढताना मात्र चरबी आधी भरून येते आणि स्नायू मागून, रेंगाळत येतात. या गोष्टीचा सर्वांत जुना आणि तपशीलवार पुरावा अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये झालेल्या प्रयोगातून मिळाला. युद्धात शस्त्र हाती घेण्यास नकार दिलेले ३६ निरोगी तरुण स्वेच्छेने त्यात सहभागी झाले होते. अँसल कीज यांच्या देखरेखीखाली त्यांना २४ आठवडे दिवसाला सुमारे १,५७० कॅलरींवर ठेवले गेले आणि त्यांचे वजन जवळपास चतुर्थांशाने घटले. हे तरुण दिवसभर अन्नाचाच विचार करू लागले, पाककृतींची पुस्तके जमवू लागले. पुन्हा पोटभर खायला मिळू लागल्यावर त्यांच्या अंगावरील चरबी प्रयोगापूर्वी होती त्याहूनही वर गेली. आजचे अनेक डाएट-तक्ते १,२०० कॅलरींचे असतात, हे आठवले की त्या १,५७० चा अर्थ अंगावर येतो.

भुकेची यंत्रणाही लवकर माफ करत नाही. मेलबर्न येथील संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दहा आठवड्यांच्या अतिअल्प आहाराने सरासरी साडेतेरा किलो उतरवलेल्या व्यक्तींची वर्षभराने तपासणी केली, तेव्हा तृप्तीची जाणीव देणारे लेप्टिन अजूनही खाली होते, भूक वाढवणारे घ्रेलिन वर होते आणि त्यांना पूर्वीपेक्षा जास्त भूक लागत होती. वजन उतरवण्याच्या एका अमेरिकी दूरचित्रवाणी स्पर्धेतील १४ स्पर्धकांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी सरासरी ५८ किलो उतरवले होते. सहा वर्षांनी त्यांतील ४१ किलो परत आले होते, आणि तरीही त्यांचे शरीर स्वस्थ पडून असताना अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरी कमी खर्च करत होते. झुरिच येथील संशोधकांनी २०२४ मध्ये दाखवले, की उंदरांच्या मेदपेशींवर लठ्ठपणाच्या रासायनिक खुणा वजन उतरल्यावरही टिकून राहतात आणि असे उंदीर चरबीयुक्त खाद्य मिळताच इतरांपेक्षा लवकर जाड होतात. हे वाचल्यावर 'तुझ्यात चिकाटीच नाही' हे वाक्य घरात कुणी कुणाला बोलू नये, एवढे तरी मान्य व्हावे.

आपल्यासाठी यात एक अधिकची अडचण आहे. पुण्यातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी भारतीयांच्या 'बारीक पण मेदयुक्त' शरीराकडे जगाचे लक्ष वेधले. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचेच छायाचित्र छापले: दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचे माप) एकच, २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. म्हणजे मुळातच आपल्याकडे स्नायूंची पुंजी तुटपुंजी असते. प्रत्येक हेलकाव्यात त्या पुंजीतून थोडे वजा झाले, तर काट्यावरचा आकडा तोच राहूनही आतले शरीर बदललेले असते.

कोणता धोका किती खरा

सर्वांत स्पष्ट धोका पित्ताशयातील खड्यांचा आहे. वजन वेगाने उतरते तेव्हा यकृत पित्तात जास्त कोलेस्टेरॉल सोडते. त्याच वेळी जेवणात स्निग्ध पदार्थ जवळजवळ नसल्यामुळे पित्ताशय नीट आकुंचन पावत नाही, पित्त साचून राहते आणि त्याचे खडे होतात. आठवड्याला दीड किलोहून अधिक वेगाने उतरणाऱ्यांत ही शक्यता झपाट्याने वाढते. वर उल्लेखलेल्या परिचारिकांच्या अभ्यासात, सुमारे ४७ हजार स्त्रियांमध्ये, तीव्र हेलकावे अनुभवलेल्यांना पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया करावी लागण्याचा धोका वजन स्थिर असलेल्यांपेक्षा ६८ टक्क्यांनी जास्त आढळला. जेवणानंतर उजव्या बरगडीखाली किंवा पोटाच्या वरच्या भागात कळ येऊन ती पाठीकडे किंवा उजव्या खांद्याकडे जात असेल, तर ती 'ॲसिडिटी' समजून गोळी घेत राहू नये. सोनोग्राफी करून घ्यावी. कळीबरोबर ताप किंवा डोळ्यांत पिवळेपणा असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

हृदयाविषयी चित्र इतके स्वच्छ नाही, आणि ते तसेच सांगणे बरे. हृदयधमन्यांचा विकार असलेल्या ९,५०९ रुग्णांच्या माहितीवर २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात, ज्यांचे वजन सर्वाधिक खालीवर होत होते त्यांच्यात हृदयविकाराच्या घटना ६४ टक्क्यांनी आणि नव्याने मधुमेह होण्याचे प्रमाण ७८ टक्क्यांनी अधिक होते. मृत्यूचा धोका दुपटीहून जास्त होता. आकडे घाबरवणारे आहेत. परंतु हे आधीच हृदयरुग्ण होते, आणि त्यांचे वजन डाएटमुळे हलत होते की आजारामुळे, हे त्यातून वेगळे काढता येत नाही. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम येथील १९९१ च्या अभ्यासानेही असाच इशारा दिला होता, तर १९९४ मध्ये अमेरिकी तज्ज्ञगटाने उपलब्ध पुरावा तपासून, हेलकाव्यांच्या भीतीने लठ्ठ व्यक्तींनी प्रयत्न सोडावा इतका तो भक्कम नाही, असे मत दिले. माझ्या मते ज्यांना हृदयविकार किंवा मधुमेह आहे त्यांनी हा धोका खरा धरूनच चालावे. इतरांनी निदान निष्कारण हेलकावे घेऊ नयेत.

हाडांकडे कुणी पाहत नाही. वजन उतरताना हाडांची घनताही थोडी उतरते, आणि रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांत वजन परत आले तरी ती पूर्णपणे परत येत नाही. पन्नाशीनंतर दर वर्षी 'महिन्यात सात किलो' असले प्रयोग करणाऱ्या स्त्रीने हे लक्षात ठेवावे.

मनावरचा परिणाम प्रत्येकाला ठाऊक असतो, पण तो आजार म्हणून ओळखला जात नाही. आठवडाभर कडक बंधन, मग रात्री उभ्याउभ्या फराळाचा डबा रिकामा करणे, मग अपराधी वाटून दुसऱ्या दिवशी उपाशी राहणे, असे चक्र महिन्यांमागून महिने चालू असेल, किंवा खाल्लेले मुद्दाम उलटून टाकले जात असेल, तर आहारतज्ज्ञाच्या आधी मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे. किशोरवयीन मुलीच्या बाबतीत एक दिवसही थांबू नये.

औषधे घेणाऱ्यांचा धोका तर तासांत मोजण्याइतका जवळचा असतो. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी मधुमेहाची गोळी चालू ठेवून जेवण अचानक निम्मे केले, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. डॅपाग्लिफ्लोझिनच्या गटातील मधुमेहाच्या गोळ्या घेत असताना भात-पोळी पूर्ण बंद केली किंवा दीर्घ उपवास केला, तर रक्तातील साखर फार वाढलेली नसतानाही कीटोॲसिडोसिस, म्हणजे रक्तात आम्ल साचण्याचा जिवावर बेतणारा विकार, होऊ शकतो. रक्तदाबाच्या आणि लघवीच्या गोळ्यांवर असताना चक्कर येऊन पडण्याचा संभव असतो. अशा व्यक्तींनी डोस कसा बदलायचा हे डॉक्टरांकडून लिहून घेतल्याशिवाय ताटातील एकही पदार्थ बंद करू नये.

मग उतरवायचे कसे

आधी उतरवण्याची गरज आहे का, ते पाहावे. भारतीयांसाठी बीएमआय २३ पासून वजन जास्त आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. १६० सेंटिमीटर उंचीच्या व्यक्तीसाठी याचा अर्थ सुमारे ५९ आणि ६४ किलो. कंबर स्त्रियांत ८० आणि पुरुषांत ९० सेंटिमीटरच्या आत असावी. मोजपट्टी बेंबीच्या जवळपास, खालची बरगडी आणि कटीचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर धरावी. पोट आत ओढून घेतलेले माप फक्त आपल्यालाच फसवते. आकडे मर्यादेत असतील आणि कारण केवळ भाचीच्या लग्नातील फोटो असतील, तर डाएट करू नये. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी, अठराच्या आतील मुलामुलींनी आणि अशक्त वृद्धांनी स्वतःच्या मनाने मुळीच करू नये.

सुरुवातीला हिमोग्लोबिन, थायरॉइड, एचबीए१सी (मागील काही महिन्यांच्या साखरेची तपासणी), रक्तातील चरबीचे प्रमाण आणि शाकाहारी असल्यास बी१२ तपासून घ्यावे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या मार्गदर्शनानुसार आठवड्याला अर्धा किलो हा सुरक्षित वेग आहे आणि वजन उतरवण्याचा आहार दिवसाला १,००० कॅलरींच्या खाली जाता कामा नये. हजार ही तळाची मर्यादा आहे, ते ध्येय नाही; बहुतेकांना त्याहून बरेच जास्त खाऊनही वजन उतरवता येते.

ज्यांच्या कागदावर तीन-चार डोंगर आहेत, त्यांना माझा आग्रहाचा सल्ला पायऱ्यांनी उतरण्याचा आहे. ८० किलोच्या व्यक्तीने पाच टक्के, म्हणजे चार किलो, दोन-अडीच महिन्यांत उतरवावेत आणि तिथे थांबावे. तेवढेच महिने, शक्य तर एखादा सणवार मध्ये घेऊन, ते वजन धरून ठेवावे. धरून ठेवता आले तरच पुढच्या चार किलोंचा विचार करावा. हे कंटाळवाणे आहे आणि कुणी कौतुकही करत नाही, कारण चार किलोंनी चेहरा बदलत नाही. परंतु वजन धरून ठेवण्याचा सराव आयुष्यात कधी झालेलाच नसतो; तो वीस किलो उतरवल्यावर करायला घेतला, तर फार उशीर होतो.

स्नायू वाचवण्यासाठी दोन गोष्टी लागतात. एक, प्रथिने: दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे ०.८३ ग्रॅम ही निरोगी माणसाची शिफारस आहे, म्हणजे ६० किलोंना ५० ग्रॅम. ३० ग्रॅम कच्च्या डाळीत सुमारे सात आणि एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिने असतात. आपल्या ताटात आमटी पातळ आणि भात डोंगराएवढा असतो. ते प्रमाण उलटे केले, घट्ट वरण, मुगा-मटकीची उसळ, पिठले, दही, मासे यांना जागा दिली, तर निराळी पावडर विकत आणावी लागत नाही. मूत्रपिंडाचा विकार असेल, तर हे प्रमाण डॉक्टरच ठरवतील. दुसरी गोष्ट, ताकदीचा व्यायाम आठवड्यातून निदान दोन दिवस. चालणे उत्तम, पण पुरेसे नाही. हात न टेकता खुर्चीतून दहा वेळा उठबस, भिंतीला हात लावून दंड, पाण्याने भरलेल्या बाटल्या उचलणे, एवढ्यावर सुरुवात करता येते.

कोणती पद्धत निवडावी, यावर 'दीक्षित की दिवेकर' असे तट पडून काही वर्षांपूर्वी महाराष्ट्रात घरोघरी वाद झाले. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगतात तसे दिवसातून दोनदाच जेवणे कुणाला सोयीचे पडते, तर आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर सांगतात तसे थोडे थोडे अनेकदा खाणे दुसऱ्याला. माझी कसोटी एवढीच आहे, की निवडलेली पद्धत पुढच्या वर्षीच्या गणपतीत, पाहुण्यांनी भरलेल्या घरात, स्वतंत्र स्वयंपाक न करता पाळता येईल का? उत्तर नाही असेल, तर ती पद्धत पहिल्या दिवसापासूनच सुटलेली आहे. वजनासाठी उपवास करणाऱ्यांनी 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण विसरू नये. साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचा कूट आणि बटाट्याचा कीस यांचा हिशेब साध्या जेवणाच्या वर जातो.

वजन कमी करणारी इंजेक्शने घेण्याचा विचार असेल, तर सुरू करण्यापूर्वी ती किती काळ घ्यायची आणि थांबवताना काय करायचे, हे डॉक्टरांना विचारावे. सेमाग्लुटाइड या अशाच इंजेक्शनच्या एका मोठ्या चाचणीत औषध बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोनतृतीयांश परत आले. लग्नापुरती तीन महिने घेऊन सोडायची ही वस्तू नव्हे.

वजन परत येऊ लागले तर

आठवड्यातून एकदा, त्याच वारी, सकाळी शौचानंतर आणि न्याहारीपूर्वी वजन करावे आणि कागदावर मांडावे. अमेरिकेत १९९४ पासून चालू असलेल्या एका नोंदवहीत, किमान साडेतेरा किलो उतरवून ते वर्षभर टिकवलेल्या हजारो व्यक्तींची माहिती आहे. त्यांतील बहुतेक जण नियमित वजन करतात आणि दिवसाला तासाभराच्या आसपास शारीरिक हालचाल करतात. मात्र काटा पाहूनच ज्यांचे जेवण बंद होते, त्यांनी काटा घरात ठेवू नये. कंबरेचे माप महिन्यातून एकदा घ्यावे.

दोन किलोंची सूट धरावी. सलग तीन आठवडे आकडा त्यावर राहिला, तरच हालचाल करावी, आणि तीही छोटी: रात्रीच्या भातात निम्मी कपात, चहातील साखर आणि बिस्किटे बंद, चालण्यात पंधरा मिनिटांची भर. बारशाला चार जिलब्या जास्त झाल्या, तर पुढचे जेवण नेहमीसारखे जेवावे. लंघन करून प्रायश्चित्त घेतले, की दुसऱ्या रात्रीची भूक वसुली करते.

सगळेच वजन परत आले असेल, तर सोमवारपासून नवे डाएट सुरू करू नये. सध्याच्या मापाचे दोन कपडे शिवून घ्यावेत, कारण रुतणारा कमरबंद माणसाला पुन्हा झटपट उपायाकडे ढकलतो. तीन महिने वजन आहे तिथे थांबवणे एवढेच काम ठेवावे. त्या काळात प्रथिने, ताकदीचा व्यायाम आणि झोप ताळ्यावर आणावी. एचबीए१सी साधारण मागील तीन महिन्यांची साखर दाखवते, म्हणून तीन महिन्यांनी ती तपासणी पुन्हा करावी आणि तो अहवाल, चालू औषधांची यादी आणि वजनाच्या इतिहासाचा कागद असे तिन्ही घेऊन डॉक्टरांकडे जावे.